धंदा टिकवणाऱ्या माणसांच्या सवयी : कोल्हापूरच्या उद्योजकांसाठी चर्चा

करवीरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

उद्योजकाचे गुण विचारले की धाडस, जिद्द आणि मोठी स्वप्ने ही उत्तरे लगेच मिळतात. या गुणांना मी कमी लेखत नाही, पण शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा, आपल्या भागात धाडसाची वानवा कधीच नव्हती. जमीन गहाण टाकून मशीन घेणारे, सणावारीही शॉप चालू ठेवणारे आणि हातात उत्तम कसब असणारे लोक येथे गल्लोगल्ली आहेत. तरीही त्यांतले काही धंदे दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचतात आणि काही चांगले काम हातात असतानाच बंद पडतात. या फरकाच्या मुळाशी कोणती सवय असते, यावर येथे नीट चर्चा व्हावी अशी माझी इच्छा आहे.

माझे मत आधीच मांडतो. धंदा टिकवणारा माणूस स्वतःला नको असलेला आकडाही रोज पाहतो आणि त्या आकड्यावर निर्णय घेणे पुढे ढकलत नाही. बाकीचे बरेच गुण या एका सवयीतून येतात.

मशीन शॉपचे उदाहरण घेतो, कारण ते काम मला जवळून माहीत आहे. समजा, ग्राहकाने 8 किलोचे कास्टिंग (ओतीव भाग) मशीनिंगसाठी, म्हणजे कापून अचूक मापात आणण्यासाठी दिले. कामगाराचा पगार, वीज आणि मशीनचा हप्ता धरून व्हीएमसीचा (धातू कापणाऱ्या संगणकीय मशीनचा) तासाचा दर 400 रुपये पडतो. लोडिंग-अनलोडिंगसह एका नगाला 12 मिनिटे लागतात, म्हणजे तासाला 5 नग आणि नगामागे 80 रुपये. येथे बहुतेक जण हिशेब थांबवतात, वर 20 रुपये नफा धरतात आणि 100 रुपयांचा दर देऊन मोकळे होतात.

आता उरलेला हिशेब पाहा. ग्राहक एका वेळी 40 नगच पाठवतो आणि सेटिंगला 2 तास जातात, म्हणजे 800 रुपये 40 नगांवर विभागले जाऊन नगामागे 20 रुपये वाढले. इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) झीज 6 रुपये आणि टेम्पोचे भाडे 2 रुपये धरले की आकडा 108 वर गेला. एवढ्यातच दिलेला दर मागे पडला. त्यानंतर रिजेक्शन येते. मशीनिंगच्या चुकीने 100 पैकी 3 नग बाद झाले आणि करारानुसार ग्राहकाने कास्टिंगची किंमत 110 रुपये किलोने नावे टाकली, तर एका नगाचे 880 आणि 3 नगांचे 2,640 रुपये आपल्या बिलातून वजा होतात. हा भार नगामागे 26 रुपयांहून अधिक आहे, म्हणजे खरा खर्च 134 च्या पुढे गेला. महिनाभर मशीन फिरत राहते, शॉपमध्ये गर्दी दिसते, मालक रात्री थकून घरी जातो आणि प्रत्येक नगामागे 34 रुपये खिशातून घालतो.

हेच काम 400 नगांच्या लॉटने आले आणि रिजेक्शन 100 पैकी एका नगावर आले, तर त्याच दरात खर्च जेमतेम भागतो आणि थोड्या वाढीने काम परवडूही लागते. म्हणजे काम वाईट नव्हते आणि ग्राहकही वाईट नव्हता. लॉट केवढा हवा आणि रिजेक्शन कितीवर रोखायचे, हे मालकाने आधी मांडले नव्हते. ज्या शॉपमध्ये सेटिंगचा वेळ आणि बाद नग रोजच्या वहीत जॉबनिहाय लिहिले जातात, तेथे ही गोष्ट दोन लॉटमध्ये ध्यानात येते. जेथे फक्त महिन्याचे बिल पाहिले जाते, तेथे ती ताळेबंद हाती आल्यावर कळते आणि तोवर वर्ष निघून गेलेले असते.

आपापल्या धंद्यातील अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. गूळ, चांदी, चप्पल, दूध, मसाले, कोणताही धंदा असो.

गूळपेठ

करवीरकर साहेब, आपला मुद्दा पटला. त्याला पेठेच्या बाजूने एक जोड देतो.

मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यात रव्याचा (गुळाच्या ढेपेचा) रंग, कणी आणि चव पाहून दर ठरतो. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतला रस किती शिजवतो, भेंडीचे पाणी घालून मळी किती नेटाने काढतो, यावर तो रंग आणि ती कणी अवलंबून असते. येथपर्यंत सगळे कसबाचे काम आहे. पण तोच गूळ परपेठेत गेल्यावर पैसे कधी येणार, हा प्रश्न कसबाने सुटत नाही. आमच्याकडे जुने लोक सांगत आले आहेत की उधारीचे पोते सव्वा हात रिते. दर चांगला मिळाला म्हणून लांबच्या अनोळखी व्यापाऱ्याला मोठा माल उधारीवर देणारे किती तरी जण मी पाहिले, आणि दोन रुपये कमी घेऊन ठरलेल्या दिवशी पैसे देणाऱ्यालाच माल देणारे आजही पेढीवर बसलेले आहेत.

यात लक्षात घेण्यासारखी सवय अशी की हे लोक वसुलीला संकोचत नाहीत. तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी फोन करतात, आवाज न चढवता विचारतात आणि पुढचा माल जुने पैसे आल्यावरच भरतात. आपल्याकडे भिडेखातर पैसे मागायचे राहतात आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी भांडूनच मागावे लागतात, तेव्हा पैसे आणि संबंध दोन्ही जातात. वेळेवर मागणाऱ्याचे संबंध उलट जास्त टिकतात, असे माझे निरीक्षण आहे.

आणि देण्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. 1963 मध्ये स्थापन झालेल्या गोकुळ दूध संघाचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. खेड्यापाड्यातील शेतकरी दोन वेळा दूध घालतो, कारण फॅटप्रमाणे दर लागतो आणि बिलाची तारीख त्याला पाठ असते. आपल्या पुरवठादाराला ठरल्या दिवशी पैसे देणाऱ्या व्यापाऱ्याला टंचाईच्या दिवसांत माल आधी मिळतो, ही गोष्ट पेठेत सर्वांना ठाऊक आहे.

वारणाकाठ

मला येथे थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो. वहीतला आकडा पाहूनच सगळे निर्णय घेतले असते, तर आपल्या भागातील मोठे उद्योग उभेच राहिले नसते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घ्या. मुंबईत शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींचे दुकान चालवले, कडबा कापण्याची यंत्रे बनवली आणि लोखंडी नांगराला हात घातला. लोखंडाच्या नांगराने जमिनीला विष चढते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता आणि पहिले नांगर विकले जायला जवळपास दोन वर्षे गेली. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली आणि औंधच्या राजांच्या आधाराने 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. त्या दोन वर्षांत आकडा रोज पाहून निर्णय घेणाऱ्या माणसाने नांगर केव्हाच सोडून दिला असता. इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग बसला, तेव्हाही हातमागाच्या गावात हिशेबाने ती गोष्ट पटण्यासारखी नव्हती. त्यामुळे दम धरण्याची ताकद हा पहिला गुण आहे आणि हिशेब त्याच्या मागून येतो, असे मी म्हणेन.

करवीरकर

वारणाकाठ, आपला आक्षेप महत्त्वाचा आहे आणि मी तो टाळत नाही. पण नांगर न विकला जाण्याची ती दोन वर्षे बारकाईने पाहिली, तर तेथेही नको असलेल्या गोष्टीकडे पाठ फिरवलेली दिसत नाही. शेतकरी नांगर का घेत नाही, हे किर्लोस्करांना स्वच्छ माहीत होते. अडचण मालाच्या दर्जात नव्हती, समजुतीत होती, आणि समजूत बदलायला वेळ लागतो हे ओळखूनच त्यांनी दम धरला. कारण माहीत असताना थांबणे आणि कारण न शोधता थांबणे, या दोन्हींना आपण जिद्दच म्हणतो, पण पहिल्यातून कारखाना उभा राहतो आणि दुसऱ्यातून कर्ज.

आपल्या उद्यमनगराचा इतिहासही हेच दाखवतो. उसाला पाणी देण्यासाठी ऑइल इंजिन लागत होते, तेव्हा कोल्हापूर त्या इंजिनांसाठी ओळखले जात होते आणि आपले पॅटर्नमेकर, मोल्डर, टर्नर त्याच कामावर तयार झाले. पुढे शेतात विजेचे पंप आले आणि इंजिनाची मागणी ओसरू लागली. मागणी परत येईल या आशेवर जे बसले, त्यांची शॉप्स हळूहळू शांत झाली. ज्यांनी ऑर्डरचा उतरता आकडा वेळीच मान्य केला, त्यांनी तेच ओतकाम आणि तीच माणसे वाहन उद्योगाच्या कास्टिंगकडे वळवली. आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचे जे नाव आहे, ते बऱ्याच अंशी त्या वळणावर उभे आहे. धाडस दोन्ही गटांत होते, आणि आकड्याकडे पाहण्याची तयारी फक्त एका गटात होती.

जमाखर्च

मी बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाच्या फायली पाहण्याचे काम केले आहे, आता निवृत्त आहे. फाईल पाहून माणूस कळतो असे म्हणणे अति होईल, पण काही सवयी कागदावर लगेच दिसतात.

पहिली गोष्ट म्हणजे घर आणि धंदा यांचे वेगळे खाते. मुलीचे लग्न, गावाकडचे घरबांधणीचे काम आणि कारखान्याचा कच्चा माल हे सगळे एकाच कॅश क्रेडिटमधून (धंद्याच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जखात्यातून) चालत असेल, तर धंद्यात नफा आहे की तोटा हे मालकालाही सांगता येत नाही. जे उद्योजक स्वतःला ठराविक पगार लावून घेतात आणि वर्ष चांगले गेले तरी तो मध्येच वाढवत नाहीत, त्यांची फाईल मी निर्धास्तपणे वर पाठवत असे.

दुसरी गोष्ट रोख रकमेची. नफा झाला म्हणजे हातात पैसे आले, असा अनेकांचा समज असतो. आपण या महिन्यात बिल केले की त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरावा लागतो, मग ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. ग्राहक 90 दिवसांनी पैसे देत असेल, तर कर, पगार, वीजबिल आणि हप्ता हे सगळे आपण आधी भरतो. ऑर्डर जितकी वाढते तितका हा खड्डा खोल होतो आणि म्हणून भरभराटीच्या वर्षात धंदे बुडतात. पुढच्या तीन महिन्यांत कोणत्या आठवड्यात किती पैसे येणार आणि किती जाणार, याचा एक साधा तक्ता दर सोमवारी भरणारा मालक बँकेत धावत येत नाही. तो दोन महिने आधी येतो आणि त्यामुळेच त्याचे काम होते.

येथे एका कायद्याचा उल्लेख आवश्यक वाटतो, कारण तो वापरण्याची सवय आपल्याकडे फार कमी आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसल्यास 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते. शिवाय 2023 च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आणली की या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही. मोठ्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करा, असे मी म्हणत नाही, कारण त्यात काम जाण्याची भीती खरी आहे. पण बिलावर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) क्रमांक छापणे आणि मार्च महिन्याआधी थकीत बिलांची यादी नम्र पत्रासह पाठवणे यात काहीच गमवावे लागत नाही. अनेकदा खरेदीदाराचा हिशेब विभागच ती यादी पाहून पैसे मोकळे करतो.

आणखी एक. 2019 आणि 2021 च्या पुरात लक्ष्मीपुरी-शाहूपुरीच्या सखल भागात पाणी शिरले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडून माल रस्त्यात अडकला. त्यानंतर मला भेटलेल्या काही व्यापाऱ्यांच्या विमा पॉलिसीत पुराचे कलमच नव्हते, कारण हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून ते काढून टाकलेले होते. पॉलिसी नूतनीकरणाच्या वेळी ती स्वतः वाचणे आणि स्टॉकची रक्कम खऱ्या साठ्याइतकी ठेवणे ही सवय पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या उद्योजकाला तरी हवीच.

मसालाघर

जमाखर्च काका, तक्त्याची सूचना मी आजच अमलात आणते. माझा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा व्यवसाय आहे. आमच्या धंद्यात सातत्य हा सर्वांत कठीण गुण आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते.

संकेश्वरी मिरचीचा तिखटपणा आणि ब्याडगीचा रंग दरवर्षी सारखा नसतो. पाऊस, वाळवण आणि साठवण यांवर तो बदलतो. त्यामुळे मागच्या वर्षीचे प्रमाण जसेच्या तसे वापरले, तर या वर्षीचा मसाला वेगळा लागतो आणि गिऱ्हाईक म्हणते की ताई, आता पूर्वीची चव राहिली नाही. यावर उपाय म्हणून आम्ही डंकावरून आलेल्या प्रत्येक घाण्यातून एक लहान बरणी भरून बाजूला ठेवतो. तिच्यावर तारीख, मिरची कोणाकडून घेतली, कोणती किती घातली, खोबरे आणि तीळ किती भाजले हे लिहिलेले असते. नवीन घाणा आला की जुन्या बरणीशेजारी पांढऱ्या ताटलीत दोन्ही मसाले ठेवून रंग पाहायचा आणि एकाच रश्श्यात दोन्ही वेगवेगळे घालून चव पाहायची. चव जुळली नाही तर तो घाणा पाकिटात जात नाही, दुसऱ्या मिरचीचा मेळ घालून पुन्हा कुटला जातो. यात पैसे जातात, पण तक्रार आली तर ती कोणत्या घाण्याची आहे हे पाकिटावरच्या क्रमांकावरून लगेच समजते.

हाताला अंदाज असलेल्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. तो अंदाज लिहून ठेवला की दुसरीला शिकवता येतो आणि मग व्यवसाय एका हातावर अवलंबून राहत नाही. माझ्या मते घरगुती उद्योग आणि व्यवसाय यांच्यातील सीमारेषा येथेच आहे.

चप्पललाईन

मसालाघर ताईंनी सांगितलेली गोष्ट आमच्याही धंद्याला तंतोतंत लागू होते. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच घडणीची चप्पल दाखवली आणि जगभर चर्चा झाली, तेव्हा चौकशीचे फोन आमच्यापर्यंतही आले. त्या वेळी कारागिराला विचारले जाणारे प्रश्न अगदी साधे होते: एकाच मापाचे किती जोड द्याल, किती दिवसांत द्याल आणि शेवटचा जोड पहिल्यासारखाच असेल का? बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले चामडे, हाताची शिलाई आणि कापशी पद्धतीची घडण यांत आपण कमी नाही. पण मापाचे ठसे ठरलेले असणे आणि जेवढे जमते तेवढीच तारीख देणे, या दोन सवयी ज्यांच्याकडे होत्या त्यांनाच ते प्रश्न संधी वाटले.

बिंदूचौक

सर्वांचे लेखन वाचले. एक गोष्ट सुटू नये म्हणून लिहितो. आपण सगळे उद्योजकाच्या अंगच्या गुणांबद्दल बोलत आहोत, पण गुण असूनही गिऱ्हाईकच दारात येऊ दिले जात नाही, अशीही स्थिती असते. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले, तेव्हा चहाची चव किंवा दुकानाची स्वच्छता हा प्रश्नच नव्हता. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला लोक तयार नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः तेथे थांबून चहा घेतला आणि बरोबरच्या लोकांनाही द्यायला लावला, तेव्हा ती अडचण मोडू लागली. महाराजांनी वसवलेली शाहूपुरीची पेठ आणि 1906 ची शाहू मिल यांचाही विचार असाच करावा लागतो, कारण तेथेही सुरुवातीचे दार महाराजांनी उघडून दिले.

म्हणून यशस्वी उद्योजकांनी आणखी एक सवय लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी धंदा केलेला नाही, अशा नव्या माणसाला पहिली छोटी ऑर्डर द्यावी आणि तिचे पैसे वेळेवर द्यावेत. बँकेच्या दारात त्याला तारण मागितले जाते, पण तुमच्या ऑर्डरची आणि वेळेवर दिलेल्या बिलाची नोंद हेच त्याचे पहिले भांडवल असते.

नवा_टर्नर

नमस्कार. मी करवीरकर साहेबांच्याच क्षेत्रात नवा आहे. भाड्याच्या गाळ्यात एक व्हीएमसी आहे. माझे बहुतेक काम एकाच ग्राहकाकडून येते आणि तो म्हणतो की दुसरी मशीन घ्या, काम देतो. मशीन सुमारे 35 लाखांची आहे, बँक 26 लाख द्यायला तयार आहे. वडिलांचा विरोध आहे, मित्र म्हणतात की अशी संधी सोडू नकोस. वरील चर्चा वाचून नेमके काय तपासावे, हे समजून घ्यायचे आहे.

करवीरकर

आपण विचारलेत हे फार चांगले केले. घ्या किंवा घेऊ नका असे उत्तर मी येथून देणार नाही, पण आकडा कसा मांडायचा ते दाखवतो.

26 लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जाला 10 टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता सुमारे 55,000 रुपये पडेल. महिन्याचे 25 दिवस, दोन पाळ्यांत मिळून खऱ्या कामाचे 14 तास धरले, तर 350 तास होतात आणि हप्त्याचा भार तासाला 157 रुपये येतो. तासाचा दर 400 मिळत असेल, तर उरलेल्या 243 रुपयांत ऑपरेटर, वीज, टूल, भाडे आणि आपला पगार बसतो का, हे पाहावे. आता काम निम्मे झाले असे धरा. 175 तासांवर तोच हप्ता तासाला 314 रुपये होतो आणि उरतात 86. त्यात ऑपरेटरचा पगारही निघणार नाही. आपल्या वडिलांच्या मनातील भीती हीच असावी आणि ती निराधार नाही. ग्राहकाचे काम निम्म्यावर आले, तर किती महिने हप्ता भरता येईल एवढी शिल्लक आज खात्यात आहे का, याचे उत्तर आधी लिहून काढा.

त्यानंतर ग्राहकाला भेटा आणि काम देतो या शब्दावर न थांबता तीन गोष्टी लेखी मागा. पुढच्या तीन महिन्यांचे नगांचे वेळापत्रक, एका लॉटमधील किमान नग आणि बाद नगांच्या किमतीत त्याचा व आपला वाटा. कास्टिंगमधला ब्लो होल (ओतताना आत राहिलेली पोकळी) मशीनिंग झाल्यावरच दिसतो, अशा नगाची किंमत आपल्या नावावर पडता कामा नये आणि तोपर्यंत केलेल्या मशीनिंगचे पैसेही मिळाले पाहिजेत, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. चांगला ग्राहक या मागणीने नाराज होत नाही. उलट हा मुलगा हिशेब जाणतो, म्हणजे माल वेळेवर देईल, असे त्याला वाटते.

दरम्यान सध्याच्या मशीनवर तिसऱ्या पाळीला किती तास मोकळे आहेत ते मोजा. ते मोकळे असतील, तर वाढीव काम आधी तेथे घ्या आणि त्याच काळात दुसऱ्या एखाद्या ग्राहकाचे, लहान का होईना, काम सुरू करा. वेळापत्रक हाती आले की येथेच टाका, ग्राहकाचे नाव न लिहिता. जमाखर्च साहेबांना विनंती आहे की त्यांनी तेव्हा रोख रकमेचा तक्ता आपल्याला भरून दाखवावा.

जमाखर्च

अवश्य. येताना मागच्या बारा महिन्यांची वीजबिले आणि बँकेचे उतारेही काढून ठेवा. मशीन खरोखर किती तास चालली, हे वीजबिलावरून आपल्या अंदाजापेक्षा अचूक कळते.